खुलासा: रेव्हरंड टिळकांविषयीचा फॉरवर्ड

दापोलीकडच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या मजकुरात ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांना लोकमान्यांचे भाऊ ठरवले आहे. वर ‘धर्मासाठी बायको कायमची टाकली’ असेही आहे. दोन्ही चूक. मधले नाव वाचले तरी पुरे: लोकमान्यांचे वडील गंगाधरपंत, यांचे वामनराव. जिल्हा तेवढा एक, रत्नागिरी.

१० फेब्रुवारी १८९५ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, हे खरे. पण पुढे नगरला संसार पुन्हा मांडला गेला आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक अभंग-कीर्तनातून ख्रिस्त सांगत फिरले. १९१९ मध्ये ते वारले तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरचे त्यांचे काव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे लिहिले, शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्तांनी. टाकलेली बायको एवढे करते होय?