ब्लड कल्चरला नकार देऊ नका

काल रात्री साडेअकराला डिचोलीहून मावशीचा फोन. "काकांचं रक्त परत काढायचं म्हणतात रे. नको म्हणून सांगू?" काका आयसीयूत, मानेत सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, हुडहुडी भरून ताप आलेला. आणि मावशी विचारत होती, कारण भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला होता: 'इस्पितळांत रक्ताचं इन्फेक्शन दुप्पट झालंय. ब्लड कल्चर म्हणजे पैसे उकळण्याचा धंदा, सही करू नका. मानेतली नळी काढायला लावा. कोकमाचं आगळ पाजा, रक्त शुद्ध होतं.'

सही करू नका? हे लिहिणाऱ्याचा मला संताप येतो. रक्तात कोणता जंतू आहे आणि तो कुठल्या अँटिबायोटिकने मरतो, हे कल्चरमधूनच कळतं. काढलेलं रक्त जंतू वाढवणाऱ्या द्रवाच्या बाटलीत घालतात; त्यात जंतू वाढायला बहुधा एक-दोन दिवस जातात. म्हणून रक्त आधी घ्यायचं आणि लगेच अँटिबायोटिक सुरू करायचं. औषध आधी गेलं तर जंतू बाटलीत उगवतच नाही, असं होऊ शकतं. "दोन-दोनदा कशाला टोचतात?" कातडीवरचा जंतू बाटलीत शिरला की रक्तातलाच, हे ओळखता यावं म्हणून. एका जागच्या रक्तावरून ते सांगणं कठीण.

नळीतून इन्फेक्शन होतं, एवढं मात्र खरं आहे. ते मान्य करावंच लागतं. पण ते कमी कसं झालं तेही ऐका. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १०३ आयसीयूंनी नळी घालताना हात धुणं, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने कातडी पुसणं, रुग्णाला पूर्ण निर्जंतुक चादरीने झाकणं, जांघेतली जागा टाळणं आणि गरज संपताच नळी काढणं, एवढं कटाक्षाने पाळलं. नळीच्या दर १००० दिवसांमागे सरासरी ७.७ इन्फेक्शनं होती, ती दीड वर्षात १.४ वर आली. हे २००६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापलं आहे. मोजलं म्हणून कळलं. "नळीची अजून गरज आहे का?" हे डॉक्टरांना रोज विचारा, तो तुमचा हक्क आहे. हट्टाने काढायला मात्र लावू नका; कित्येकदा रक्तदाब टिकवणारं औषध त्यातूनच चालू असतं.

'दुप्पट' कशाच्या दुप्पट? एका रुग्णाला एक दिवस नळी, म्हणजे एक नळी-दिवस. समजा एका इस्पितळात २००० नळी-दिवसांत १० इन्फेक्शनं, म्हणजे हजारी ५. दुसऱ्यात १००० दिवसांत ८, म्हणजे हजारी ८. दुसऱ्याचा आकडा लहान, पण दर जास्त. आणि जिथे कल्चरच करत नाहीत, तिथे इन्फेक्शन शून्यच दिसणार.

आगळाची सोलकढी करा. रक्तातले जंतू त्याने मरत नाहीत.

मावशीने सही केली, रात्रीच दोन्ही हातांचं रक्त लॅबला गेलं. सकाळी मी हेच सगळं भजनी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं. ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला, त्यांनी हेही तिथेच पाठवावं.