आधी उत्तर ठरवा, मग पासिंगचे आकडे काढा

विजेच्या गाडीबद्दल ठाम मत असणं आता सक्तीचं झालं आहे. गाडी नसली तरी चालेल. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, आरतीनंतर प्रसादाची वाट बघत उभं असताना कोणीतरी हमखास विचारतं, "काय हो, ईव्हीचं काय वाटतं तुम्हाला?" तिथे "बघू या, अजून जरा थांबावं म्हणतो" असं गुळमुळीत बोललात की संपलं. पुढच्या वेळी तो प्रश्न तुमच्या शेजारच्याला विचारला जाईल. आकडा फेका, तोही दशांशासकट. "२.६ टक्के" म्हणणाऱ्याला "साधारण अडीच" म्हणणाऱ्यापेक्षा दुप्पट मान मिळतो.

आकडा फुकट आहे. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा 'वाहन' नावाचा डॅशबोर्ड उघडा. देशातल्या आरटीओंमध्ये कुठल्या महिन्यात कसल्या किती गाड्यांचं पासिंग झालं, ते तिथे मांडून ठेवलेलं आहे. पथ्य एकच: उत्तर ठरवल्याशिवाय तो उघडू नका. ईव्हीची क्रांती झाली आहे की ईव्हीचा फुगा फुटला आहे, काय ते आधी पक्कं करा. मोकळ्या मनाने आकडे बघायला बसणारी माणसं असतात. ती रात्री दीडपर्यंत जागतात आणि शेवटी "ते बघण्यावर आहे" म्हणतात. अशांना पंगतीत कोणी विचारत नाही.

पान उघडलं की वाय-अक्ष, एक्स-अक्ष, राज्य, आरटीओ, वर्ष अशी खोकी दिसतील. डाव्या कडेचा बारीकसा बाण दाबला की आणखी एक पट्टी सरकून बाहेर येते, आणि वाहनाचा वर्ग, इंधन वगैरेंच्या बारक्या चौकटी तिच्यात असतात. 'रिफ्रेश'ची बटणंही दोन आहेत, एक मुख्य पानावर आणि एक त्या पट्टीत. चुकीचं दाबलंत तर न गाळलेला आकडा समोर येतो. तो मोठा असतो. क्रांतीवाल्यांनी तोच घ्यावा.

इंधनाच्या यादीत 'इलेक्ट्रिक (बीओव्ही)' अशी एक ओळ आहे आणि 'प्युअर ईव्ही' अशी दुसरी. दोन्ही विजेच्याच गाड्या. फुगा फोडायचा असेल तर एकीवरच टिक करा आणि दुसरी दिसलीच नाही असं वागा. क्रांती करायची असेल तर दोन्ही घ्या, वर 'पेट्रोल/हायब्रिड'ही ओढून घ्या. त्या ओळीत नुसत्या छोट्या बॅटरीचा हातभार लागणाऱ्या, बाकी सगळा रस्ता पेट्रोलवर धावणाऱ्या माइल्ड हायब्रिडही येतात, पण तुम्हाला कोण विचारायला येतंय? एकूण बेरजेला 'विद्युतीकृत वाहने' म्हणा. हा शब्द ऐकून अजून कोणी उलटा प्रश्न केलेला नाही.

कंपन्यांच्या बाबतीत तर फारच सोय आहे. टाटांच्या गाड्या यादीत टाटा मोटर्स, टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेइकल्स आणि टाटा पॅसेंजर इलेक्ट्रिक मोबिलिटी अशा वेगवेगळ्या नावांखाली नोंदलेल्या असतात. महिंद्रांचंही तेच, मोटारी बनवणारी कंपनी वेगळी, तीनचाकी बनवणारी वेगळी. एक नाव उचला, बाकीची विसरा. "टाटांचा बाजार उठला" किंवा "कालपर्यंत नसलेली कंपनी थेट पहिल्या पाचात" अशा दोन्ही बातम्या एकाच दुपारी तयार होतात.

वर्ग निवडायचा मात्र शक्यतो कंटाळाच करा. २०२४-२५ मध्ये देशात जवळजवळ २० लाख विजेची वाहनं नोंदली गेली. केवढा भारदस्त आकडा! त्यात ११ लाखांहून जास्त दुचाकी होत्या आणि सात लाखांच्या आसपास तीनचाकी. ज्यांना आपण मोटारी म्हणतो, त्या लाखाच्या थोड्या वर, म्हणजे त्या वर्षीच्या सगळ्या मोटारींत त्यांचा वाटा २.६ टक्क्यांच्या आसपास. क्रांतीवाल्यांनी '२० लाख' म्हणावं आणि शेजारी मोटारीचा फोटो लावावा. उत्तर प्रदेश ईव्हीत सगळ्यात पुढे आहे हेही ठोकून सांगावं. तिथली बेरीज ई-रिक्षांनी उभी केली आहे, हे मनातच ठेवावं. आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या, २५० वॉटपर्यंतच्या त्या सावकाश स्कुटींना पासिंगच लागत नाही, म्हणून त्या ह्या जगात नाहीतच. तुमच्या गल्लीत रोज संध्याकाळी क्लासला जाणाऱ्या त्या चार मुली दिसतात ना, तो दृष्टिभ्रम समजावा.

आता खरी कारागिरी: वर्ष निवडणं. डॅशबोर्ड विचारतो, कॅलेंडर वर्ष की आर्थिक वर्ष? पंचांगाचं वर्ष तो विचारत नाही, आणि आपल्याकडे गाडी येते ती पंचांग बघूनच. २०२३चा गुढीपाडवा २२ मार्चला होता, २०२४चा ९ एप्रिलला, २०२५चा ३० मार्चला. बोटांवर मोजून बघा. २०२३-२४ ह्या आर्थिक वर्षात पाडवा आलाच नाही, आणि २०२४-२५ मध्ये दोनदा आला. साडेतीन मुहूर्तांपैकी एक अख्खा मुहूर्त एका वर्षातून उडी मारून दुसऱ्या वर्षात जाऊन बसला, आणि आपण ३१ मार्चच्या रात्री "महाराष्ट्रात वर्षभरात केवढी वाढ" म्हणून तक्ता काढणार.

त्या दिवशी शोरूमवर काय चालतं ते एकदा बघून या. गाड्यांची रांग फाटकाबाहेर आलेली, बॉनेटवर झेंडूचे हार, चाकांखाली चार लिंबं, पुठ्ठ्याची हातभर किल्ली धरून फोटोसाठी उभं असलेलं कुटुंब. आजी स्वस्तिक काढायला पुढे येतात आणि विचारतात, "चालू का नाही केली अजून?" सेल्समन सांगतो, "आजी, चालूच आहे." नंबरप्लेट लावल्याशिवाय गाडी दाराबाहेर काढता येत नाही, म्हणून पासिंगची सगळी धावपळ मुहूर्ताच्या आधीच्या आठवड्यात उरकलेली असते. तेव्हा ३० मार्चचा उत्साह तुम्हाला आकड्यांत ३० तारखेला सापडणार नाही. सापडला नाही की "पाडव्यालाही ग्राहकांची पाठ" असा मथळा द्यायला हरकत नाही.

एक काळजी घ्या. पाडवा पेट्रोलवाल्यांनाही असतो, त्यामुळे टक्केवारीत ही गंमत टिकत नाही. म्हणून मुहूर्ताच्या महिन्यात हिस्सा सांगू नका, नग सांगा. मार्च २०२५ची तर बातच न्यारी होती. राज्याच्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला गेला आणि महिना सरायच्या आत मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेत असल्याचं सांगितलं. आकडा चढला तर "कराच्या भीतीने लोकांनी उचलल्या", उतरला तर "कराच्या भीतीने लोक थांबले". जोडीला आर्थिक वर्षअखेरही होतीच. इतकी कारणं एका महिन्यात पुन्हा जुळून येतील असं नाही, जपून वापरा.

हिस्साच सांगायचा असेल तर सप्टेंबर २०२५ कडे वळा. अपूर्णांकात सगळ्यांचं लक्ष अंशाकडे असतं, छेदाकडे कोणी बघत नाही. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जीएसटीत बदलाची घोषणा केली आणि २२ सप्टेंबरपासून लहान पेट्रोल-डिझेल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाड्यांना आधीही ५ टक्के होता, नंतरही ५ च राहिला. दोन आठवडे कळ काढली की हजारो रुपये वाचणार असताना पेट्रोलची गाडी कोण घेईल? त्यात पितृपंधरवडा. २१ तारखेला सर्वपित्री अमावास्या, २२ ला घटस्थापना आणि त्याच दिवशी नवे दर! जीएसटी परिषदेने आणि पितरांनी तारीख आपसात ठरवून घेतली असावी. पेट्रोलचं गिऱ्हाईक फिरकत नाही अशा आठवड्यांत विजेच्या गाडीचा हिस्सा वाढायला एकही जादा गाडी विकावी लागत नाही. आणि घट बसल्यावर पेट्रोलवाले लोंढ्याने आले की तोच हिस्सा घसरतो, मग विजेच्या गाड्या आधीपेक्षा जास्त का खपल्या असेनात. क्रांतीवाल्यांनी महिन्याचे पहिले तीन आठवडे घ्यावेत, फुगेवाल्यांनी शेवटचा. महिना एकच, भांडण नको.

अनुदानाचंही असंच. १ जून २०२३ पासून केंद्राच्या 'फेम-२' योजनेखालचं विजेच्या दुचाकींचं अनुदान घटणार हे आधी जाहीर झालं होतं. मे महिन्यात विजेच्या दुचाकींची नोंदणी लाखाच्या वर गेली आणि जूनमध्ये निम्म्याच्याही खाली आली. माणसं तीच, फक्त जूनची मेमध्ये येऊन गेली. मे बघून लेख लिहा, जून बघून दुसरा लिहा, मानधन दोन्हींचं घ्या.

जिल्ह्याचा अभिमान असेल तर छोटा आरटीओ निवडा. समजा, गेल्या वर्षी दोन गाड्या नोंदल्या आणि यंदा सहा, की झाली २०० टक्के वाढ. पुणे-ठाण्याला हे जन्मात जमायचं नाही. गाडी कुठे पासिंग झाली आणि कुठे धावते ह्याचा संबंध असतोच असंही नाही. भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीचं कार्यालय ज्या शहरात, गाड्यांचा ढीग त्या शहराच्या नावावर. देशाचं चित्र म्हणाल तर अनेक वर्षं ह्या डॅशबोर्डवर तेलंगणच नव्हतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच राज्याने विजेच्या गाड्यांना रस्ता कर आणि नोंदणी शुल्क माफ केलं. हैदराबादेत गाड्या घेतल्या जात होत्या आणि आपण इथे "अखिल भारतीय कल" सांगत होतो. राज्याच्या खोक्यात 'ऑल वाहन४ रनिंग स्टेट्स' असं प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं, पण खोकं वाचायला वेळ कोणाकडे आहे?

परदेशाचा दाखला हवा तर नॉर्वे. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ८८.९ टक्के निव्वळ विजेच्या होत्या. हे वाक्य म्हणून झालं की थोडं थांबा, लोकांना हळहळू द्या. मग फुगेवाल्याची पाळी. त्याच वर्षी सप्टेंबरात तिथल्या रस्ते वाहतूक माहिती मंडळाने एकूण नोंदलेल्या खाजगी मोटारींचा हिशोब मांडला. सुमारे २८ लाखांत विजेच्या ७ लाख ५४ हजार, पेट्रोलच्या त्यांच्याहून जेमतेम चारशेंनी कमी, आणि डिझेलच्या दोघींपेक्षाही जास्त, दहा लाखांच्या घरात. दोन्ही आकडे खरे. पहिला यंदा दारात काय आलं ते सांगतो, दुसरा अंगणात काय उभं आहे ते. दहा दहा, पंधरा पंधरा वर्षं गाड्या मरत नाहीत, हे ज्याच्या लक्षात राहिलं तो दोन्हीकडच्या चर्चेतून बाद. म्हणून तुम्ही एका वेळी एकच आकडा जवळ ठेवा.

अंगणात उभी असलेली गाडी चालते का, हा तर फारच गैरसोयीचा प्रश्न. आपल्याकडे खाजगी गाडीची आरसी १५ वर्षांची. गाडी भंगारात गेली तरी मालक नोंद रद्द करायला आरटीओत जाईलच असं नाही. बहुतेक विजेच्या गाड्यांना अजून ते वय आलेलं नाही, पण सोय झालेली आहे. दिल्ली परिसरात आणि बंगळुरूत ब्लूस्मार्टची टॅक्सीसेवा एप्रिल २०२५ मध्ये बंद पडली, तेव्हा तिच्या हजारो विजेच्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. नोंदणीच्या तक्त्यात त्या दिवशी एक आकडाही हलला नाही.

तुमच्या ग्रुपवर एखादा हिशोबी माणूस असणारच. तो विचारेल, ह्यातल्या किती घरची पहिली गाडी आहेत आणि किती दुसरी? किती टॅक्सी, किती खाजगी? हिरव्या पाटीवर अक्षरं पांढरी की पिवळी, ते वेगळं मोजलं का? एका महिन्याऐवजी बारा महिन्यांची सरासरी का नाही धरली? छेद कुठला? ह्याच्याशी वाद घालू नका, त्याला सगळी उत्तरं येतात. "तुम्ही ईव्हीच्या विरोधात आहात का?" एवढं विचारा. उलट गटात असाल तर "कंपनीचे पैसे मिळतात वाटतं" म्हणा. पुढचा तासभर तो स्वतःचा बचाव करण्यात घालवेल आणि तुमचा दशांश अपूर्णांक शाबूत राहील.

अडचण येते ती खरोखरच गाडी घ्यायला निघालेल्या माणसाची. बहुतेक वेळा तो साडूच असतो. त्याला देशाचा हिस्सा नको असतो, नॉर्वेही नको असतं. तो रोज कल्याणहून ठाण्याला जातो, महिन्यातून एकदा गावी कराडला जातो, गाडी सोसायटीच्या स्टिल्टखाली लागते, आणि मीटरपासून तिथपर्यंत केबल ओढायची एनओसी सेक्रेटरी आठ महिने अडवून बसला आहे. "घेऊ का?" एवढंच तो विचारतो. ह्यातला एकही रकाना डॅशबोर्डवर नाही. घाबरू नका. चष्मा पुसत म्हणा, "साडूभाऊ, मार्चचे आकडे येऊ देत, मग सांगतो." तो म्हणेल, "मार्चपर्यंत कशाला? पुढच्या महिन्यात कमिटीची निवडणूक आहे."