‘कलम २३३’चा तो मेसेज आणि खुनाच्या खटल्यात खरोखर चालणारा बचाव

रविवारी भाचीने एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, “मावशी, हे खरंय ना गं?” मेसेज जुनाच आहे, तुमच्याही फोनवर कधीतरी येऊन गेला असेल. थोडक्यात असा: सरकारने नवा कायदा पास केला आहे, कलम २३३ प्रमाणे मुलीवर बलात्कार होत असेल, किंवा होईल अशी शंका जरी आली, तरी तिला त्या माणसाला ठार मारायचा अधिकार आहे, तिच्यावर खुनाचा खटला चालणार नाही, सगळ्या मुलींपर्यंत पोचवा.

मी सत्र न्यायालयात आरोपींच्या बाजूने उभी राहते. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांच्या मनात काळजीच असते, हे मला कळतं. पण त्यावर विसंबलेली मुलगी पोलीस ठाण्यात बसलेली असते तेव्हा तिचं काय होतं, हेही मला माहीत आहे. म्हणून त्यातलं एकेक वाक्य घेते.

‘नवा कायदा, कलम २३३’

जुन्या भारतीय दंड संहितेतलं २३३ हे खोटी नाणी पाडायची अवजारं बनवण्या-विकण्याबद्दल होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली; तिच्यातलं २३३ खोटा पुरावा खोटा आहे हे ठाऊक असून वापरण्याबद्दल आहे. मेसेजला जे म्हणायचंय ते जुन्या संहितेत कलम १०० मध्ये होतं, आता ३८ मध्ये आहे. आणि नवं तर ते मुळीच नाही. १८६० ची संहिता १ जानेवारी १८६२ ला लागू झाली, तेव्हापासून बलात्काराच्या इराद्याने झालेल्या हल्ल्यात हल्लेखोराचा जीव गेला तरी तो बचाव कायद्याला मान्य आहे. २०१३ मध्ये त्यात अ‍ॅसिड हल्ल्याची भर पडली, इतकंच.

‘हा अधिकार मुलींना’

मेसेज इथे उलट कमी सांगतो. स्वसंरक्षणाचा हक्क बाई-पुरुष सगळ्यांना आहे, आणि स्वतःच्याच नव्हे तर दुसऱ्या कुणाच्याही शरीराच्या रक्षणासाठी आहे. यशवंतराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा १९९२ चा निकाल बघा. अल्पवयीन मुलीवर अत्याचार होताना बापाने पाहिलं, हातातल्या फावड्याने वार केले, माणूस मेला. सर्वोच्च न्यायालयाने बापाला निर्दोष सोडलं. बलात्काराखेरीज जिवाची भीती, गंभीर दुखापतीची भीती, अनैसर्गिक अत्याचार, पळवून नेणं, सुटकेसाठी पोलिसांपर्यंत पोचताच येणार नाही अशा रीतीने डांबणं आणि अ‍ॅसिड हल्ला या प्रसंगांतही हा हक्क हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जातो.

‘शंका जरी आली तरी’

सगळ्यात घातक शब्द हा. कायद्याला शंका पुरत नाही, वाजवी भीती लागते. आणि ती समोरच्याच्या प्रत्यक्ष कृतीतून किंवा धमकीतून निर्माण झालेली असावी लागते. दाराला कडी लावली, हात धरला, तोंड दाबलं, तर गुन्हा पुरा होईपर्यंत थांबायला कायदा सांगत नाही. न्याय संहितेच्या कलम ४० प्रमाणे भीती सुरू झाली की हक्क सुरू होतो. पण ‘तो रोज बसस्टॉपवर टक लावून बघतो, याचं काहीतरी शिजतंय’ एवढ्यावर कुणी कोयता घातला, तर तो सरळ खून आहे, आणि मी कितीही घसा कोरडा केला तरी तो खूनच राहील.

भीती संपली की हक्कही संपतो. हल्लेखोर पडला, निपचित झाला किंवा पळत सुटला, त्यानंतरचा वार बचावात मोडत नाही. अर्थात न्यायाधीशांनाही कळतं की जिवावर बेतलेलं असताना माणूस वार मोजून करत नाही. असा प्रसंग सोन्याच्या तराजूत तोलायचा नसतो, हे आपल्या न्यायालयांनी कितीदा तरी म्हटलंय. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची दहा सूत्रं एकत्र मांडली, आम्ही वकील आजही तीच वाचून दाखवतो.

‘नंतर बदला घेतला तरी चालतं’

मूळ मेसेजमध्ये हे नाही, पण खालच्या प्रतिक्रियांमध्ये हमखास असतं, आणि दाखला नागपूरचा देतात. १३ ऑगस्ट २००४ ला अक्कू यादव या गुंडाला नागपूरच्या न्यायालयातच जमावाने मारलं, कस्तुरबानगरच्या बायकांनी त्याचे अत्याचार वर्षानुवर्षं सोसले होते. त्या बायकांचा संताप मी नाकारूच शकत नाही. पण २०१४ मध्ये त्या खटल्यातले आरोपी सुटले ते पुराव्याअभावी. स्वसंरक्षण म्हणून नव्हे. तो तेव्हा पोलिसांच्या ताब्यात होता, तिथे तो बचाव टिकलाच नसता.

‘रागाच्या भरात झालं’ हाही निराळा मुद्दा आहे. गंभीर आणि अचानक चिथावणी सिद्ध झाली तर माणूस सुटत नाही, खुनाऐवजी सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनाहून कमी गंभीर गुन्हा, होतो. तीसुद्धा अचानक असावी लागते. नौदल अधिकारी नानावटीने बायकोच्या प्रियकराला मारलं, त्या मुंबईच्या खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने हाच हिशोब मांडला: त्याने दुपारी दीडच्या सुमारास घर सोडलं, जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतलं, गोळ्या झाडल्या चार वाजून वीस मिनिटांनी. मधले जवळजवळ तीन तास डोकं थंड व्हायला पुरेसे होते, म्हणून जन्मठेप कायम.

‘खुनाचा खटला चालणार नाही’

माझं खरं भांडण या वाक्याशी आहे. माणूस मेला की गुन्हा नोंदला जातो, बहुधा कलम १०३ खालीच, ज्याला कोर्टात अजून सगळे सवयीने ‘तीनशे दोन’ म्हणतात. अटक होते. क्वचित तपासातच गोष्ट मिटते: २०१२ मध्ये मदुराईत मुलीला वाचवताना नवऱ्यावर क्रिकेटची बॅट चालवणाऱ्या बाईला पोलिसांनीच कलम १०० चा आधार घेऊन सोडलं होतं. पण त्यावर भरवसा ठेवू नका. एरवी चार्जशीट येतं, साक्षी होतात, आणि बचाव आम्हाला कोर्टात उभा करावा लागतो. साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे तो दाखवण्याचा भार आरोपीवर असतो. मात्र सरकार पक्षासारखं ‘संशयापलीकडे’ सिद्ध करावं लागत नाही. असं घडलं असण्याची शक्यता जास्त आहे, एवढं दाखवलं तरी पुरतं. तेही सरकारी साक्षीदाराच्या उलटतपासणीतून दाखवता येतं. आरोपीने बचाव शब्दांत मांडला नसला तरी पुराव्यातून दिसत असेल तर न्यायालय त्याचा विचार करू शकतं, हे मुन्शी राम खटल्यात १९६७ मध्येच ठरलंय.

हे सगळं उभं राहतं ते फार बारीक गोष्टींवर. माझ्या एका अशीलाचं सांगते. घटनास्थळाच्या पंचनाम्यात एक ओळ होती: ‘मोरीच्या उंबऱ्यालगत हिरव्या काचेच्या बांगड्यांचे पाच तुकडे’. तिच्या मनगटावर त्या काचेचे ओरखडे होते, दंडावर बोटांचे वळ होते. पण अटकेनंतर तपासणाऱ्या डॉक्टरांनी कागदावर ‘ताजी जखम नाही’ असं लिहिलं, कारण तिने दाखवलंच नाही. “मला वाटलं, मला काही होणारच नाहीये,” ती मला नंतर म्हणाली. तिनेही तो मेसेज वाचला होता. चार दिवसांनी मी तिला भेटले तेव्हा वळ पिवळे पडत आले होते. अर्ज करून पुन्हा तपासणी करून घेतली, तरी उलटतपासणीत मला त्या पाच तुकड्यांवरच सगळा जोर द्यावा लागला. आरोपीच्या अंगावरच्या जखमा कशा झाल्या याचा खुलासा सरकार पक्षाने केला नाही तर तो त्यांच्या विरोधात जातो, हे लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार राज्य या १९७६ च्या निकालाने सांगितलंय. पण जखम कागदावर तर यायला हवी!

‘मारणारी एक तर सुटते, नाहीतर खुनी ठरते’

असं कुणी लिहीत नाही, पण मेसेज वाचून डोक्यात तेच बसतं. मधली वाट आहे आणि तिनेही काही माणसं वाचतात. बचाव खरा होता, मनात सूड नव्हता, पण भरात गरजेपेक्षा जास्त इजा केली, तर कलम १०१ च्या दुसऱ्या अपवादाखाली तो सदोष मनुष्यवध ठरतो. खुनाला फाशी किंवा जन्मठेप याशिवाय पर्याय नाही. सदोष मनुष्यवधाला कलम १०५ लागतं: मारण्याचा इरादा असेल तर जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षं, आणि मरण येऊ शकतं एवढीच जाणीव असेल तर दहा वर्षांपर्यंत. हा फरक बाहेरच्याला तांत्रिक वाटेल. लहान मूल आजीकडे ठेवून आत गेलेल्या बाईला विचारा.

भाचीला मी उत्तर पाठवलं ते असं: मेसेज खोटा आहे, हक्क खरा आहे. जीव वाचवायला जे करावं लागेल ते कर. मग घर धुवू नकोस, कपडे बदलू नकोस, स्वतः ११२ ला फोन कर. डॉक्टरसमोर प्रत्येक ओरखडा दाखव आणि तो लिहिला गेलाय का ते बघ. वकील येईपर्यंत पोलिसांना सविस्तर कबुली देत बसू नकोस. ती पुरावा म्हणून चालत नाही, पण तपासाची दिशा त्यावरून ठरते. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नकोस. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला तिचं उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. नंबर १५१००. हा मात्र पुढे पाठव.