जकात माफ, खिसा साफ

परदेशाहून परतताना विमानतळावरील ड्यूटी फ्री दुकानात खरेदी करावी की करू नये, असा प्रश्न ज्या वाचकांना अजून पडतो त्यांची मला काळजी वाटते. प्रश्न पडलाच तर तो ‘किती पिशव्या’ एवढ्यापुरता असावा. गेली कित्येक वर्षे मी या दुकानांतून स्वस्त वस्तू महागात घेत आलो असून त्या तपश्चर्येच्या बळावर नवोदित प्रवाशांना थोडे मार्गदर्शन करण्याचा अधिकार मला प्राप्त झाला आहे, असे मी मानतो.

सर्वप्रथम, घरून निघताना कोणत्याही वस्तूची बाजारातील किंमत पाहून ठेवू नये. ही माहिती जवळ असली की माणूस दुकानात उगाच थबकतो, मोबाइल काढतो, बेरीज-वजाबाकी करतो आणि मागून येणाऱ्या सहप्रवाशांचा रसभंग करतो. पाटीवर विश्वास ठेवावा. पाटी खोटे बोलत नाही. ती ‘ड्यूटी फ्री’ म्हणते, म्हणजे या वस्तूवर सरकारने जकात घेतलेली नाही एवढेच सांगते. वस्तू स्वस्त असल्याचे आश्वासन त्या पाटीवर कुठेही लिहिलेले नसते. ते आपण आपल्या मनाने वाचतो, आणि आपल्या वाचनाची जबाबदारी दुकानदारावर टाकणे सभ्यपणाचे नाही.

या कल्पनेचा उगम मात्र खरोखरच निर्मळ होता. अटलांटिक महासागर ओलांडणारी विमाने इंधन भरण्यासाठी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील शॅनन येथे थांबत असत, आणि तिथे खाली उतरलेल्या प्रवाशांना तास-दोन तास दुसरा उद्योग नसे. ब्रेंडन ओ’रीगन नावाच्या हिकमती गृहस्थांनी 1947 मध्ये तिथे जगातील पहिले विमानतळावरील करमुक्त दुकान उघडले. युक्तिवाद असा की, जो प्रवासी या देशात आलेलाच नाही त्याच्याकडून या देशाने कर का घ्यावा? युक्तिवाद बिनतोड आहे. त्यानंतरच्या काळात फरक पडला तो एवढाच, की सरकारने सोडलेले पैसे प्रवाशाच्या खिशात पोहोचण्यापूर्वी वाटेत बरीच मंडळी उभी राहिली. विमानतळ चालवणारी कंपनी दुकानदाराकडून विक्रीतला वाटा घेते, अनेक ठिकाणी विक्री होवो न होवो एक किमान रक्कम घेतेच. दुकानदाराला ती वसूल करावी लागते. आणि वसुलीसाठी पासपोर्ट तपासून झालेला, बाहेर जाण्याची सोय नसलेला, विमानाला अजून दीड तास अवकाश असलेला माणूस आयता समोर उभा असतो. अशा माणसाला स्वस्तात माल देणारा व्यापारी मला तरी अद्याप भेटलेला नाही.

सोडलेला कर नेमका कुठे जातो याचा एक सुंदर दाखला ब्रिटनने 2015 मध्ये जगापुढे ठेवला. तेथील विमानतळांवरील काही दुकाने साध्या पाण्याच्या बाटलीसाठीसुद्धा गिऱ्हाइकाचा बोर्डिंग पास मागत असत. प्रवासी बिचारे सुरक्षेचा नियम असेल म्हणून निमूटपणे दाखवत. पुढे उघडकीस आले ते असे, की युरोपीय संघाबाहेर जाणाऱ्या प्रवाशाला विकलेल्या वस्तूवरील 20 टक्के व्हॅट सरकारला भरावा लागत नसे आणि बोर्डिंग पास हवा होता तो त्याचा पुरावा म्हणून. माफ झालेला व्हॅट मात्र दुकानातच राहत असे. तेव्हा माझा सल्ला असा, की कुणी बोर्डिंग पास मागितल्यास कारण विचारू नये. दानाची वाच्यता केली की त्याचे पुण्य कमी होते. त्याच ब्रिटनने 1 जानेवारी 2021 पासून विमानतळावरील कपडे आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची करमाफी काढून टाकली. म्हणून काही गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावरील समाधान कमी झाले असेल, असे मला वाटत नाही.

आपल्या मंडळींचे खरे तीर्थक्षेत्र म्हणजे दुबई. तेथील ड्यूटी फ्री दुकान डिसेंबर 1983 पासून भाविकांची सेवा करत आहे. दुबईत चॉकलेटची खरेदी अवश्य करावी, पण तत्पूर्वी एक बाब विसरून जावी: संयुक्त अरब अमिरातीत 2018 पर्यंत व्हॅटच नव्हता आणि त्यानंतर आला तो 5 टक्के. म्हणजे शहरातील एखाद्या मोठ्या किराणा दुकानात जे चॉकलेट मिळते त्यावरचा जास्तीत जास्त एवढाच कर विमानतळावर माफ होणार, आणि तो माफ होऊनही किंमत शहरापेक्षा चढी असेल तर तो विमानतळाचा मोठेपणा समजावा. सप्टेंबर 2025 पासून भारतातही चॉकलेटवरील जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, पण ही बातमी प्रवासाला निघालेल्या माणसाला कळवून त्याचा हिरमोड करू नये.

त्रिकोणी पेटीतील टॉब्लेरोन तर विमानतळाचा प्रसादच आहे. तो न घेता घरी जाणे म्हणजे पंढरपूरहून बुक्का न आणता परतणे. हा प्रसाद स्वित्झर्लंडचा आहे असे सांगून वाटावा. त्याच्या वेष्टनावरील मॅटरहॉर्न शिखर 2023 मध्ये उतरवण्यात आले, कारण उत्पादनाचा काही भाग स्लोव्हाकियात जाणार होता आणि राष्ट्रीय चिन्हे कोणत्या मालावर मिरवावीत याबाबत स्विस कायदा फार हट्टी आहे, ही गोष्ट शेजाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. गेल्या खेपेस मी अशा सहा पेट्या आणल्या. त्यातली एक मोठ्या कौतुकाने पुतण्याच्या हातावर ठेवली, तर त्याने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, “काका, ही आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. आणि तिथे एकावर एक फुकट आहे.” हल्लीच्या मुलांना वडीलधाऱ्यांचा मान कसा ठेवावा हे कुणी शिकवत नाही.

दुकानात शिरायचे कसे, याविषयी सल्ला देण्याची गरज उरलेली नाही, कारण आधुनिक विमानतळांवर दुकानात न शिरता पुढे जाण्याची सोयच नसते. मुंबईला पहाटे तीन वाजता विमान उतरते, इमिग्रेशनच्या रांगेतून सुटका होते, बॅगांच्या पट्ट्याकडे जाणारी वाट शोधत आपण डोळे चोळत निघतो, आणि ती वाट थेट बाटल्यांच्या भिंतींमधून जाते. जमीन चकचकीत, दिवे लखलखीत, वाट सरळ नसून वळणावळणाची. सरळ असती तर माणूस नुसता चालून गेला असता. वळणामुळे नजर आपोआप समोरच्या फळीवर जाते. तेवढ्यात एक तरुणी अत्तराने भिजवलेली कागदाची पट्टी नाकासमोर धरते. अकरा तास विमानात बसून आपल्या अंगाला जो वास येत असतो त्याच्या तुलनेत कोणतेही अत्तर स्वर्गीयच वाटणार, त्यामुळे निर्णय त्याच क्षणी घ्यावा. घरी जाऊन, आंघोळ करून, चहा पिऊन विचार केल्यास हा व्यवहार होणार नाही.

आता थोडे गंभीर होऊन बोलतो, कारण पुढचा विषय महाराष्ट्रीय माणसाच्या जिव्हाळ्याचा आहे. स्कॉच व्हिस्की ड्यूटी फ्रीमध्ये खरोखरच स्वस्त मिळते, हे मला जड अंतःकरणाने मान्य करावे लागते. याचे श्रेय दुकानाला देऊ नये. ते आपल्या सरकारांचे आहे. परदेशी व्हिस्कीवर केंद्राची आयात जकात वर्षानुवर्षे 150 टक्के होती. त्यावर महाराष्ट्राचे उत्पादन शुल्क नोव्हेंबर 2021 पर्यंत 300 टक्के होते, ते तेव्हा 150 वर आले. आणि त्यावर पुन्हा विक्रीकर. एवढी सगळी देवदर्शने करून बाटली आपल्या गल्लीतल्या दुकानात पोहोचते तेव्हा तिच्या किमतीत व्हिस्की थोडी आणि शासन फार असते. जुलै 2025 मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारानुसार ही आयात जकात 75 टक्के आणि पुढे दहा वर्षांत 40 टक्क्यांपर्यंत खाली यायची आहे. म्हणजे ड्यूटी फ्रीचा हा एकमेव अस्सल फायदाही हळूहळू आटत जाणार, याची नोंद घेऊन खरेदीची घाई वाढवावी.

मात्र फायदा होत असतानाही तोटा कसा करून घ्यावा, ही खरी कला आहे. गावातली बाटली 750 मिलीलिटरची असते, विमानतळावरची बहुधा पूर्ण लिटरची. समजा, गावात ती 3,000 रुपयांना मिळते आणि विमानतळावर 4,000 रुपयांना. दोन्हीकडे दर अगदी सारखाच पडला. पण विमानतळावरची किंमत डॉलरमध्ये लिहिलेली असते, पहाटेचे तीन वाजलेले असतात आणि तीन चतुर्थांशाने भागाकार करण्याइतपत गणित दहावीनंतर कुणाजवळ उरलेले नसते. शिवाय त्या पेटीवर ‘केवळ प्रवाशांसाठी’ अशा अर्थाचे सोनेरी अक्षर असते. असा माल बाहेर दुसरीकडे मिळत नसल्यामुळे त्याची किंमत कशाशी ताडून पाहायची, हा प्रश्नच निकालात निघतो. खरेदीपूर्वीची एवढी मनःशांती मला अन्य कोणत्याही दुकानात लाभलेली नाही.

भारतात येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटर मद्य जकातीविना आणता येते, आणि योगायोगाने दुकानातील योजनाही ‘दोन घेतल्यास सवलत’ अशीच असते. एक बाटली हवी असलेल्या माणसाने दोन घ्याव्यात, कारण उरलेला लिटर सरकारला परत करता येत नाही. खरी संपत्ती मात्र न पिणाऱ्या नातेवाइकांमध्ये दडलेली असते. माझ्या सासूबाई चतुर्थीचा उपास सोडल्याशिवाय पाणीही घेत नाहीत, पण विमानतळावर त्यांच्या नावे दोन लिटर सिंगल माल्ट निघाली तेव्हा त्यांनी पासपोर्ट पुढे करून एवढेच विचारले, “यावर माझं नाव छापून येणार का हो?” बिलावर खरोखरच त्यांचे नाव छापून आले. ते बिल त्यांनी पोथीत ठेवले आहे की फाडून टाकले, हे विचारण्याचे धैर्य मला झालेले नाही.

पैसे देताना यंत्र विचारते, की रक्कम रुपयांत घ्यायची की डॉलरमध्ये. रुपये निवडावेत. आपल्या चलनाचा अभिमान बाळगलाच पाहिजे, आणि त्या अभिमानापोटी यंत्रवाला सांगेल तो विनिमय दर स्वीकारला पाहिजे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी डॉलर निवडावेत, म्हणजे आपली बँक दोन ते साडेतीन टक्के परकीय चलनाचे शुल्क आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी लावील. करमुक्त खरेदीवर कर भरण्याचा हा आनंद महिनाअखेरीस, विवरणपत्र आल्यावर, निवांतपणे घ्यावा.

वाटेत विमान बदलायचे असल्यास एक पथ्य आहे आणि ते मी स्वतः मोडून शिकलो. दुकानवाले अत्तर किंवा मद्य एका पारदर्शक पिशवीत घालून ती चिकटवून देतात. 2006 पासून बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानात 100 मिलीलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतला द्रव चालत नाही. ही सीलबंद पिशवी त्या नियमातली पळवाट आहे. आमच्या सौभाग्यवतींना मधल्या विमानतळावर एवढेच पाहायचे होते, की आत आपण निवडलेलीच बाटली आहे ना. “अहो, जरा कोपरा उघडते,” असे त्या म्हणाल्या आणि कोपरा उघडला. पुढच्या तपासणीत एका अत्यंत नम्र कर्मचाऱ्याने ती बाटली दोन बोटांनी उचलून निळ्या पिंपात ठेवली. पिंपात आधीच नऊ-दहा बाटल्या होत्या, सगळ्या भरलेल्या, सगळ्यांच्या पिशव्यांचे कोपरे उघडलेले.

घरी पोहोचल्यावर बिल फाडून टाकावे आणि किंमत विचारणाऱ्यास ती डॉलरमध्ये सांगावी. चाळीस हा आकडा कानाला फार किरकोळ वाटतो. मेहुणा येतो, बाटली दिव्यासमोर धरून पाहतो आणि विचारतो, “भावोजी, इकडे केवढ्याला पडली असती हो?” तेव्हा मनाला येईल तो आकडा दुप्पट करून सांगावा. बाटली शोकेसमध्ये दर्शनी भागात ठेवावी, तिच्यामागे ती रिकामी पेटीही ठेवावी. आमच्याकडे अशा तीन रिकाम्या बाटल्यांत मनीप्लँट लावलेले आहेत. तिन्ही वेल जोमाने वाढत असून मधला तर आता पडद्याच्या दांडीपर्यंत पोहोचला आहे.