विमा सगळ्यांकडे आहे, शुगरच्या गोळ्या मात्र खिशातूनच

"विमा आहे ना, मग काळजी कसली?" मधुमेहाच्या पेशंटला कुणी असं म्हटलं की मला राहवत नाही. नाशिकला एमआयडीसीच्या रस्त्यावर आमचं मेडिकल आहे आणि मी स्वतः फार्मासिस्ट आहे. आमच्याकडे येणाऱ्या शुगरच्या बहुतेक पेशंटकडे आज कुठलं ना कुठलं कार्ड असतं. कुणाकडे ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, कुणाकडे कंपनीच्या मेडिक्लेमचं, कुणाकडे राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचं. आणि त्यांच्यातलेच कितीतरी जण चिठ्ठी पुढे करून म्हणतात, "महिन्याच्या नको, दहा दिवसांच्याच द्या."

याचं कारण साधं आहे. नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी तुम्ही अ‍ॅडमिट झालात की कामाला लागते. मधुमेहाचा उपचार मात्र घरात चालतो. गोळ्या, इन्सुलिन, सुया, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, दर तीन-सहा महिन्यांनी एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी), वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा, लघवीतलं प्रथिन आणि पायांची तपासणी. यातल्या एकाही गोष्टीला खाट लागत नाही, म्हणून यातलं काहीच क्लेममध्ये बसत नाही. महात्मा फुले योजना जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना पाच लाखांपर्यंत लागू झाली. ही लहान गोष्ट नाही, त्या योजनेमुळे घरं वाचलेली मी बघितली आहेत. पण तीही मुळात दाखल झालेल्या रुग्णाच्या उपचारांसाठी आहे. किडनी गेली की डायलिसिस मिळतं. पाय सडला की ऑपरेशन होतं. किडनी जाऊ नये, पाय सडू नये म्हणून जो खर्च महिन्याच्या महिन्याला करावा लागतो, तो ज्याचा त्याने करायचा.

आणि तो खर्च वाया जात नाही, हे सिद्ध होऊन जमाना झाला. ब्रिटनमध्ये १९७७ ते १९९७ अशी वीस वर्षं चाललेल्या यूकेपीडीएस अभ्यासात एचबीएवनसी एका टक्क्याने कमी असलं की डोळे-किडनीसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती ३७ टक्क्यांनी कमी दिसल्या. आपल्याकडे २०२३ साली आयसीएमआरच्या पाहणीने देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचं सांगितलं. शेजारच्या गोव्यात तर प्रमाण २६.४ टक्के, देशात सगळ्यात जास्त.

या सगळ्यात ईएसआय वेगळं आहे, हे आवर्जून सांगायला हवं. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के जातात, त्या बदल्यात पूर्ण कुटुंबाची ओपीडी, तपासण्या आणि औषधं मिळतात. मधुमेहाला नेमकं हेच लागतं. पण पगाराची मर्यादा २०१७ साली २१,००० रुपये ठरली. त्यावर पगार गेला की चालू सहामाही संपेपर्यंत वर्गणी कापली जाते, आणि तिच्या बदल्यातला लाभाचा काळ संपला की सगळं बंद.

आमच्याकडे कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबायच्या विभागात, काम करणारे एक काका येतात. नवरा-बायको दोघांनाही शुगर. पगार वाढला, ईएसआय सुटलं, कंपनीने तीन लाखांचं ग्रुप मेडिक्लेम दिलं. कागदावर बघाल तर विमा आधीही होता, आताही आहे. पहिल्या महिन्यात त्यांनी दोघांच्याही गोळ्या नेल्या. पुढच्या महिन्यात स्वतःच्या पूर्ण नेल्या आणि म्हणाले, "ताई, हिच्या गोळ्या पगार झाल्यावर नेतो." तेव्हापासून काकूंच्या चिठ्ठीवरची किडनीला जपणारी गोळी मागे पडते ती पडतेच. कुणाच्या गोळ्या आधी घ्यायच्या हे घरात कसं ठरतं, ते काउंटरच्या या बाजूने स्पष्ट दिसतं. वाईट याचं वाटतं की यात काका वाईट नाहीत. कामावर जाणाऱ्या माणसाला चक्कर येऊन चालणार नाही, एवढाच त्यांचा हिशेब.

विमा बदलला की इन्सुलिनही बदलतं, हे फार कमी लोकांना माहीत असतं. सरकारी दवाखान्यातून साधारणपणे दर मिलिलिटरला ४० युनिट असलेली वायल (छोटी बाटली) आणि लाल टोपणाची सिरिंज मिळते. खासगी डॉक्टर इन्सुलिनचं पेन लिहून देतात, त्यातल्या काट्रिजमध्ये (औषधाच्या नळीत) दर मिलिलिटरला १०० युनिट असतात. पेन परवडत नाही म्हणून कुणी त्या काट्रिजमधून जुन्या लाल सिरिंजने इन्सुलिन ओढलं, तर डोस अडीचपट जातो. शुगर एकदम खाली येते, जीवावर बेतू शकतं. तुमच्या घरात कुणी असं करत असेल तर आजच थांबवा. १०० युनिटवाल्या इन्सुलिनसाठी केशरी टोपणाची सिरिंज वेगळी मिळते.

आणि याच रस्त्यावर, कारखान्यांच्या याच गेटमधून, ऑफिसातलेही लोक येतात. त्यांच्या पॉलिसीत ओपीडीचे पैसे असतात, वर्षाची तपासणी असते, आहारतज्ज्ञ फोनवर असतो. त्यांचं असू नये असं मी अजिबात म्हणत नाही. आजार तोच आहे, तर मशीनवर उभ्या राहणाऱ्यालाही ते का मिळू नये, एवढंच विचारते. दिवसभर सेफ्टी शूज घालणाऱ्या माणसाच्या पायाला फोड येतो, शुगरने बधिर झालेल्या पायाला तो कळत नाही, आणि पाय मात्र कुणी तपासत नाही.

"स्वस्त औषधं आहेत की" असं लोक म्हणतात. आहेत, आणि मीच अनेकांना जनऔषधीत पाठवते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, तिथेही जा म्हणते. पण ओपीडी सकाळची आणि ड्युटीही सकाळची. खाडा केला तर कंत्राटी कामगाराचा त्या दिवसाचा पगार गेला.

माझं म्हणणं अगदी थोडं आहे. एचबीएवनसी, पट्ट्या, इन्सुलिन, पडद्याची आणि पायाची तपासणी हे महात्मा फुले योजनेत दाखल न होता मिळालं पाहिजे. ईएसआयची मर्यादा ओलांडणाऱ्या जुनाट आजाराच्या कामगाराला वर्गणी भरून पुढे राहता आलं पाहिजे. आणि तुमच्यापैकी जे एचआरमध्ये आहेत किंवा युनियनमध्ये आहेत, त्यांनी यंदा ग्रुप पॉलिसी रिन्यू करताना दोन गोष्टी विचाराव्यात: शुगर-बीपीच्या गोळ्यांसाठी ओपीडी कव्हर किती वाढीव प्रीमियममध्ये मिळेल, आणि ते कंत्राटी कामगारांना व त्यांच्या बायकांनाही लागू होईल का. काय उत्तर मिळतं ते खाली कमेंटमध्ये लिहा.