बाप्तिस्म्याचा वाद आणि आपली एकी

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत ख्रिस्ती घरे मुळातच मोजकी, आणि तरीही एकेका गावात दोन-तीन ठिकाणी वेगवेगळी उपासना चालते. एकीकडे तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात, दुसरीकडे कळत्या वयात विश्वास कबूल केल्यावर पाण्यात बुडवूनच देतात, तर आणखी कुठे पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषांत करायच्या प्रार्थनेवर मोठा भर असतो. हे मतभेद खरे आहेत. दोन्ही बाजूंची माणसे पवित्र शास्त्र वाचून, गुडघे टेकून आपापल्या मतावर आलेली आहेत. म्हणून 'हे सारे किरकोळ आहे, सोडून द्या' हा सल्ला मला पटत नाही. पण ज्याचे मत वेगळे, त्याचे तारणच झालेले नाही असे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

गेल्या पावसाळ्यात एका गावी मातीला गेलो होतो. काळ्या मातीत खड्ड्याला पाणी लागत होते आणि गावातल्या दोन्ही मंडळ्यांची (चर्चची) पोरे आळीपाळीने घमेल्यांनी ते उपसत होती. प्रार्थनेची वेळ आली तेव्हा मात्र मृत बाईच्या सख्ख्या भावाला, तो दुसऱ्या मंडळीचा पाळक असल्यामुळे, एक शब्दही बोलू दिला नाही. तो बाजूला बाभळीखाली टोपी हातात घेऊन उभा राहिला. मला त्याचे फार वाईट वाटले, आणि त्याहून जास्त वाईट याचे वाटले की कोणालाच त्यात काही वावगे दिसले नाही.

मतभेद राखूनही एकत्र येता येते, याचा दाखला शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा मंडळ्यांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केली. त्यांत बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि तो न देणारे बाप्टिस्टही होते. कित्येक वर्षांच्या वाटाघाटींनंतर त्यांनी दोन्ही पद्धती एकाच मंडळीत मान्य केल्या. वाटाघाटींत असलेली एक मोठी मेथडिस्ट मंडळी ऐनवेळी बाहेर राहिली, हेही खरे. एकी काही एका दिवसात पदरात पडत नाही. खुद्द यवतमाळातही १९५३ साली निरनिराळ्या मिशनांनी मिळून युनियन बिब्लिकल सेमिनरी ही पाळकांना शिक्षण देणारी संस्था उभी केली होती. ती पुढे १९८३ मध्ये पुण्याला गेली. आपल्या वाडवडिलांना जे जमले, ते आपल्याला अशक्य का वाटावे?

सगळ्यांनी एकाच छताखाली यावे, असे मी म्हणत नाही. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात प्रभूने सर्वांनी एक व्हावे म्हणून प्रार्थना केली, ती जगाने विश्वास ठेवावा यासाठी. आणि आपले शेजारी आपल्याला रोज पाहत असतात. म्हणून निदान एवढे व्हावे: दुसऱ्याच्या बाप्तिस्म्याला व्यासपीठावरून खोटा म्हणू नये, आणि लग्न ठरताना पुन्हा बाप्तिस्मा घेण्याची अट सुनेवर लादू नये. ज्यांना बाळपणीचा बाप्तिस्मा ग्राह्यच वाटत नाही, त्यांना ही दुसरी गोष्ट जड जाईल, याची मला जाणीव आहे. त्यांनी आपले मत सोडू नये, पण ते त्या मुलीशी आणि तिच्या पाळकाशी समोरासमोर बसून बोलावे. दरवर्षी १८ ते २५ जानेवारीला जगातल्या अनेक देशांत ख्रिस्ती एकीसाठी प्रार्थना सप्ताह पाळतात. त्यातली एक संध्याकाळ प्रत्येक गावाने एकत्र बसावे, आणि प्रार्थना चालवायला शेजारच्या मंडळीच्या पाळकाला बोलवावे.