आपल्या अभिप्रायास उत्तर: किल्ल्याचा रंग आणि ‘तासाभराचे काम’

महोदया, सप्रेम नमस्कार.

आमच्याकडून घेतलेल्या किल्ल्याच्या बाहुलीघराला आपण दोन तारे दिले आहेत. त्याखाली आपण लिहिले आहे की, वस्तू दिसायला बरी असली तरी ती नातीचा वाढदिवस होऊन गेल्यावर हाती आली, खालच्या दालनातला दिवा सारखा लुकलुकतो, मागच्या बाजूला वायर दिसते, आणि ‘जो रंग तासाभरात वाळतो तो चार भिंतींना फासून काही दिवे लावायला इतका वेळ लागत असेल, तर तो निव्वळ आळस आहे’. वाढदिवसाच्या दिवशी नातीसमोर ठेवायला बाहुलीघर नव्हते, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते आणि त्याबद्दल आम्ही आपली क्षमा मागतो. वाढदिवस पुढे ढकलता येत नाही, हे आम्हीही जाणतो.

दिवा आणि वायर यांविषयी थोडक्यात सांगते. जो दिवा लुकलुकतो तो शेकोटीतला आहे, आणि त्याने लुकलुकावे अशीच त्याची रचना आहे. आत जाळ पेटल्यासारखे वाटावे म्हणून तसा दिवा बसवण्याची विनंती आपणच केली होती. त्याच दालनाच्या छतातले दिवे स्थिर जळतात. तरीही तो डोळ्यांना खुपत असेल, तर त्याजागी बसेल असा स्थिर प्रकाशाचा दिवा आम्ही कोणतेही शुल्क न घेता पाठवू. मागची वायर सरकत्या फळीच्या आतल्या कप्प्यात आहे आणि फळी काढल्यावरच दिसते. सगळ्या जोडण्या भिंतीत कायमच्या गाडून टाकल्या असत्या, तर फळी काढल्यावरही मागची बाजू नीटस दिसली असती. पण एखादा दिवा गेल्यावर रंगवलेली भिंत फोडण्याची वेळ आपल्यावर आली असती.

राहिला तो तासाभराचा मुद्दा, आणि खरे सांगायचे तर दोन ताऱ्यांपेक्षा तोच आम्हाला अधिक लागला.

ॲक्रिलिक रंग तासाभरात हाताला लागेनासा होतो हे खरे आहे. परंतु हाताला न लागणे वेगळे आणि रंग पक्का होणे वेगळे. पाणी उडून गेले की वरचा थर कोरडा लागतो. आतला थर मुरून कडक व्हायला मात्र हवेतल्या दमटपणाप्रमाणे कित्येक दिवस, आणि थर जाड असेल तर काही आठवडेसुद्धा लागतात. दुधावर साय धरावी तसा वर पापुद्रा येतो आणि खाली रंग मऊच राहतो. अशा वेळी दरवाजा चौकटीत बसवून मिटला, तर दोन्हीकडचे रंग एकमेकांना धरून बसतात आणि उघडताना पापुद्र्यासकट निघून येतात. आपल्या किल्ल्याचा मुख्य दरवाजा, खिडक्या आणि बुरुजाचे झाप हे सगळे उघडमीट करणारे आहे, आणि त्यांच्याभोवतीची फट एक मिलिमीटरही भरत नाही. हे बाहुलीघर १:१२ प्रमाणात आहे, म्हणजे खऱ्या घरातला एक फूट येथे एक इंच होतो. १ मिलिमीटरचा ओघळ येथे राहिला, तर तो बघणाऱ्याला खऱ्या भिंतीवरच्या १२ मिलिमीटरच्या ओघळाएवढा दिसतो. म्हणून रंग जाड फासून मोकळे होता येत नाही, तो पातळ हातांनीच चढवावा लागतो आणि प्रत्येक हातानंतर थांबावे लागते.

शिवाय ‘चार भिंतींना रंग’ हे वर्णनही न्यायाचे नाही. भिंती एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीच्या आहेत. या फळीचा कापलेला काठ पाण्यातला रंग शोषून फुगतो आणि खरखरीत होतो, त्यामुळे तटबंदीवरच्या प्रत्येक चर्येच्या, म्हणजे माथ्यावरच्या दात्याच्या, कडा आधी सीलरने बंद कराव्या लागतात, पॉलिश पेपरने घासाव्या लागतात आणि मग पुन्हा बंद कराव्या लागतात. पातळ फळीला एकाच बाजूने रंग दिला तर ती वाकते, म्हणून जी बाजू कोणालाही दिसणार नाही तिलाही रंग द्यावा लागतो. (हे काम आजवर कोणत्याही ग्राहकाने पाहिलेले नाही, आणि पाहू नये अशीच आमची इच्छा असते.) दगडी बांधकामाचा खडबडीतपणा यावा म्हणून भिंतींवर लांबीचा (पुट्टीचा) थर दिला आहे आणि तो ओला असताना दगडांचे सांधे कोरले आहेत. हा थर हीटरसमोर ठेवून घाईने वाळवला तर त्याला तडे जातात. त्यावर करड्या रंगाचे हात, मग सांध्यांत उतरणारे गडद रंगाचे पातळ पाणी, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने दगडांच्या उंचवट्यांवर ओढलेला फिकट रंग, असा क्रम आहे. खालचा हात कच्चा असेल तर वरचे पाणी त्यालाच उचलून घेते आणि भिंतीवर डाग पडतात. आपण अभिप्रायासोबत जे छायाचित्र दिले आहे, त्यात डाव्या बुरुजाच्या पायथ्याशी ओल आल्यासारखी हिरवट छटा दिसते. ती आपोआप आलेली नाही.

रंग माझ्याकडे असतो आणि वायरिंग भावाकडे. त्याचे काम माझ्या कामाच्या मधोमध येते, आधीही नाही आणि नंतरही नाही. भिंतीत खाचा पाडायच्या, त्यांत केसाएवढी तार बसवायची, दिवे लावून पाहायचे, खाचा लांबीने बुजवायच्या, आणि मगच दगड रंगवायचे. ही तांब्याची तार एनॅमलच्या पातळ आवरणाची असते. टोकावरचे आवरण नीट खरवडले नाही तर डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, वरून चांगला बसल्यासारखा दिसतो आणि दिवा मात्र लागत नाही. आपल्या किल्ल्यातली सगळी जोडणी १२ व्होल्टची आहे. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट पुरतात, त्यामुळे प्रत्येक दिव्यामागे विजेचा प्रवाह मर्यादित ठेवणारा स्वतंत्र रेझिस्टर लावला आहे आणि दिवे समांतर जोडले आहेत, म्हणजे एक गेला तरी बाकीचे लागत राहतात. ४७० ओहमचा रेझिस्टर लावून दिवे पूर्ण तेजाने जळले असते. पण इतक्या लहान दालनात तो उजेड दुकानातल्यासारखा भगभगीत वाटतो. म्हणून आम्ही १ किलोओहमचे, म्हणजे १००० ओहमचे, रेझिस्टर वापरले. प्रकाश मंद आणि मऊ येतो, आणि दिव्यांवरचा ताणही कमी होतो.

आता जे आपल्या अभिप्रायात आलेच नाही, ते नमूद करणे भाग आहे. आपण मागणी नोंदवली तेव्हा मुख्य बुरुजात दिवा नव्हता आणि शेकोटीही विझलेलीच ठरली होती. भिंती बुजवून दगड रंगवून झाले, मजले चिकटवून झाले, आणि आम्ही पाठवलेली छायाचित्रे पाहिल्यावर बुरुजाच्या माथ्यावर दिवा हवा, शेकोटीत जाळ हवा आणि राणीच्या खोलीचा रंग करड्याऐवजी गुलाबी हवा, असे आपण कळवले. आम्ही आनंदाने होकार दिला. तारीख पुढे जाईल हेही त्याच संदेशात लिहिले होते आणि त्यावर ‘सावकाश होऊ द्या, काम चांगले झाले पाहिजे’ असे आपले उत्तर आले होते. त्या उत्तराने आम्हाला बरे वाटले होते, हे येथे सांगायला संकोच वाटत नाही.

बुरुजात तार नेणे म्हणजे काय, हे एकदा सांगू द्यावे. चिकटवलेला मजला उचलण्यासाठी गोंदाला ओलावा आणि ऊब देऊन तो मऊ करावा लागला, आणि पातळ पाते कडेकडेने सरकवत फळी सोडवावी लागली; तेवढ्या पट्ट्यातला दगडांचा रंग अर्थातच गेला. गोल जिन्याचा मधला खांब भरीव होता. भावाने तो काढून हातड्रिलने उभा पोखरला, कारण विजेच्या ड्रिलने तो चिरला असता. मग त्यातून दोन तारा वर काढल्या, पायऱ्या पुन्हा बसवल्या आणि गेलेला रंग आजूबाजूच्या दगडांशी मिळेल असा पुन्हा चढवला. गुलाबी रंगाखालून करडा डोकावू नये म्हणून त्या खोलीला आधी पांढरा प्रायमर द्यावा लागला. या वाढीव कामाचे वेगळे पैसे आम्ही मागितले नाहीत. उपकार मोजून दाखवण्यासाठी हे लिहीत नाही. परंतु त्याच कामात गेलेल्या वेळाला आळस म्हटले जाते तेव्हा गप्पही बसवत नाही.

आमची कार्यशाळा म्हणजे आम्ही दोघे बहीणभाऊ आणि एक लांब टेबल. एका वेळी एकच मोठे काम त्यावर मावते आणि घर त्यावरच चालते. नुकतेच चौकशीला आलेल्या एका ग्राहकाने आपला अभिप्राय दाखवून ‘तुम्ही वेळ पाळत नाही म्हणे’ असे विचारले. त्यांना जे सांगितले तेच येथे लिहिले आहे, जेणेकरून पुढे वाचणाऱ्यांनाही दोन्ही बाजू दिसाव्यात. आपण वाईट हेतूने लिहिले असे आम्ही मानत नाही. वाढदिवस चुकल्याचा राग समजण्यासारखा आहे, फक्त तो सगळा आमच्या हातांवर निघाला.

यापुढे काम सुरू झाल्यानंतरचे बदल आणि त्यामुळे लांबणारी तारीख अधिक ठळकपणे कळवण्याचा आम्ही प्रयत्न करू, आणि वेळापत्रकातही शक्य ती सुधारणा करू.

एक विनंती मात्र आहे. आपल्या छायाचित्रात मुख्य दरवाजा घट्ट मिटलेला दिसतो. सुरुवातीचे काही आठवडे तो आणि राणीच्या खोलीची खिडकी किंचित उघडी ठेवावी, किंवा मधे मेणकागदाची पट्टी घालावी. गुलाबी रंग सर्वांत शेवटी दिलेला आहे. सोबत दिलेला १२ व्होल्टचा अडॅप्टरच वापरावा, दुसऱ्या उपकरणाचा चार्जर बसत असला तरी लावू नये. शेकोटीचा दिवा बदलायचा असल्यास मागची फळी काढून त्या कप्प्याचे एक छायाचित्र पाठवावे, म्हणजे तारेची लांबी पाहून भाऊ जोडणी तयार करूनच पाठवील आणि आपल्याला डाग द्यावा लागणार नाही.

आपली नम्र,
कार्यशाळेची चालक